कासमचाचांची मासळी

कासमचाचा मासळी डोळ्यांनी बघत नसत, नाकानं बघत. सकाळी बाजारातून बर्फाच्या पेट्या आल्या की एकेक हामूर मासा उचलायचा, अंगठ्यानं कल्ला उघडायचा, नाक जवळजवळ आत घालायचं आणि डोळे मिटून घ्यायचे. मग निकाल. "हा आजचा. हा कालच्या सांजेचा. आणि हा परवाचा. याला ताजा म्हणून विकणारा माणूस नमाजाला पहिल्या रांगेत असतो, मला ठाव हाय." गाडीवाला कुरकुरायचा, "चाचा, शिक्का बघा ना, आजचा आहे." चाचा म्हणायचे, "शिक्का पेटीला मारलाय. माशाला नाय मारलेला."

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. सत्तरीच्या दशकाचा मध्य होता. बहरीनच्या पश्चिम किनाऱ्यावर, झल्लाकला, आमचं हॉटेल होतं आणि मी तिथं स्टुअर्ड म्हणून, म्हणजे साध्या भाषेत वाढपी म्हणून, नुकताच लागलो होतो. चाचा पंचेचाळिशीचे, उंच, किंचित वाकलेले. गाव कुठलं असं त्यांनी विचारलं, मी सांगितलं, तर हातातली सुरी खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे आमच्याच खाडीच्या वरच्या अंगाला. भरतीचं पाणी आमच्या दारावरून तुमच्याकडं जातं. आमच्या पाण्यावर वाढलास म्हणायचं तू." त्या दिवसापासून मी त्यांचा झालो. मला ते 'पवारा' म्हणून हाक मारत आणि माझ्यावर हक्क सांगत. त्या हक्काचं मी पुढं काय केलं, ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे. आजवर ते नीटपणे लिहिलेलं नाही.

कासमचाचा कागदावर क्लीनर होते. मासे साफ करणं, खवले काढणं, तुकडे करणं, ओटा धुणं. पण शुक्रवारी स्टाफसाठी ते जे कालवण करत, त्यासाठी हेडशेफसुद्धा वाटी घेऊन यायचा. आम्ही सगळे म्हणायचो, चाचा, तुम्ही कुक व्हायला हवं. ते म्हणत, "मी कुकच हाय. हॉटेलाला अजून कळलं नाय."

कळणं गरजेचं होतं, कारण हॉटेलचा नियम होता की फॅमिली व्हिसासाठी शिफारसपत्र फक्त कुकच्या ग्रेडपासून पुढं मिळेल. चाचांच्या लग्नाला वीस वर्षं झाली होती आणि नवराबायको एका छपराखाली सगळं मिळून दोन वर्षंही राहिली नव्हती. मूलबाळ नव्हतं. खतिजाचाची गावी, दिराच्या घरात. चाचांनी मुहर्रकला एक खोली हेरून ठेवली होती आणि त्या खोलीच्या मालकाला ते दर महिन्याला जाऊन सांगत, "कुणाला देऊ नको, माझं माणूस येतंय." दर वर्षी जानेवारीत ते स्वच्छ शर्ट घालून ऑफिसात जात आणि शिफारसपत्र मागत. दर वर्षी क्लार्क फाइल उघडून म्हणे, "ग्रेड नाही. मफी." मफी म्हणजे अरबीत नाही. चाचा खाली येऊन सुरीला धार लावायला बसत. त्या दिवशी त्यांच्याशी कुणी बोलत नसे.

चाचांना कुराण वाचता येई, पण मराठी लिहिता येत नसे. त्यांची पत्रं मी लिहायचो. चाचींनाही वाचता येत नव्हतं. त्यांची जाऊ चौथी शिकलेली, ती पत्र मोठ्यानं वाचून दाखवायची, म्हणजे अख्ख्या घराला कळायचं. पहिल्याच पत्रात चाचांनी मला सांगितलं, "लिही, मी इथं मोठ्या हॉटेलात कुक हाय." मी पेन थांबवलं. "लिही रे. बायको बारा माणसांसमोर ऐकणार. मासे सोलतो म्हणून ऐकवू काय तिला?" मी लिहिलं. मग दर पत्रात तेच. मला वाटायचं, एवढंसं खोटं, कुणाचं काय जातंय.

आमचे मॅनेजर केलरसाहेब स्विस. गोरेपान, सतत घड्याळ बघणारे, पण मनानं वाईट नव्हते. एका वर्षी त्यांच्या मेहुण्याच्या मळ्यातली पांढरी वाइन पेट्याच्या पेट्या भरून आली. तीन जातींच्या द्राक्षांचे रस एकत्र करून केलेली. साहेबांनी आम्हा स्टुअर्डना रांगेत उभं करून तिची माहिती दिली. एक द्राक्ष अंग देतं, एक सुवास देतं, एक जरासा चिमटा काढतं. त्यांच्याकडे ती तळ्यातल्या माशाबरोबर, चीजबरोबर, वाळवलेल्या मांसाच्या कागदासारख्या पातळ कापांबरोबर घेतात. आम्ही माना डोलावल्या आणि गिऱ्हाइकांना ती भाजलेल्या, लसूण-लिंबू चोळलेल्या मटणाबरोबर दिली.

गिऱ्हाइकं बाटली परत करू लागली. "पाणी आहे," म्हणायची. साहेबांचा चेहरा रोज लहान होत गेला. एका दुपारी त्यांनी मला बोलावलं. "पवार, तू वाढतोस. तू बघतोस. लोक ही का पीत नाहीत, आणि हिच्याबरोबर इथलं काय खावं, हे मला शोधून दे. जो शोधेल त्याचा मी विचार करीन." विचार म्हणजे ग्रेड, हे मला कळलं. मी धावत चाचांकडे गेलो. त्या क्षणी माझ्या मनात फक्त चाचाच होते. एवढं तरी माझ्या बाजूनं सांगण्यासारखं आहे.

चाचांनी ग्लास हातात घेतला, नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला. "बर्फात घालून मारलीत हिला. वास कुठाय? ठेव अशीच." दहा मिनिटं आम्ही दोघं ग्लासाकडे बघत बसलो. मग त्यांनी पुन्हा वास घेतला. बराच वेळ. "भाताच्या पेजेसारखं काहीतरी हाय. वरून लिंबाच्या फुलाचा वास, फळाचा नाय, फुलाचा. आणि खाली ओल्या दगडाचा."

"चाचा, एक घोट घ्या की. कुणाला कळणार आहे?"

"जिभेवर ठेवणार नाय. नाकाला कुणी मनाई केलेली नाय." त्यांनी ग्लास माझ्याकडे सरकवला. "जीभ तुझी. सांग."

मी तोवर कधी प्यालो नव्हतो. सोवळा होतो म्हणून नव्हे, माझे वडील प्यायचे म्हणून. श्वास रोखून मी घोट घेतला आणि म्हणालो, "आंबट आहे. कैरीसारखी."

"खोटं."

"अहो, मी प्यालोय की तुम्ही?"

"तू नाक दाबून प्यालास. बाप आठवला तुला, चव नाय आठवली. जा, तुझी जीभ कामाची नाय."

मला राग आला. पण त्यांचं खरं होतं. आणि त्यांनी लगेच दुसरा रस्ता काढला, तो असा की मी आजही कुणाला सांगितला तर माणसं हसतात. उष्टी ताटं आणि ग्लास आम्ही टेबलावरून वेगवेगळ्या तबकांत उचलायचो. चाचा म्हणाले, "वेगळं करू नको. ज्याचं ताट, त्याचाच ग्लास त्याच्या शेजारी ठेवून मला आणून दाखव." तीन आठवडे मी तसं केलं. इतर स्टुअर्ड मला वेडा म्हणत. चाचा धुण्याच्या खोलीत उभे राहून एकेका ताटाकडे बघत. लसणाचं मटण संपलेलं, ग्लास भरलेला. मिरचीची कोळंबी संपलेली, ग्लास भरलेला. लिंबू पिळलेला मासा, ग्लास अर्धा. एका म्हाताऱ्या बाईंनी नुसता लोण्यातला मासा आणि उकडलेला बटाटा मागवला होता, त्या ग्लासात थेंब नव्हता. चीजच्या ताटाशेजारचा ग्लास तर नेहमी रिकामा.

चौथ्या आठवड्यात चाचांनी निकाल दिला. "ही बाई हळू बोलणारी हाय, पवारा. शेजारी कुणी ओरडायला लागला की गप बसते. लसूण ओरडतो. मिरची ओरडते. लिंबू तर हिचंच बोलणं हिच्या तोंडातून काढून घेतो. हिच्याशेजारी मऊ माणूस बसव."

मग त्यांनी मऊ माणूस तयार केला. हामूरचे पातळ काप, तांदळाच्या बारीक पिठात नुसते लोळवून लोण्यात परतलेले. बाजूला उकडलेले छोटे बटाटे. वरून नारळाचं दुसरं, पातळ दूध, त्यात मीठ आणि कोथिंबिरीचे नुसते देठ उकळून गाळलेले. हळद नाही, तिखट नाही, आणि लिंबू नाही. हे शेवटचं त्यांना सर्वांत जड गेलं. आमच्या खाडीचा माणूस आंबटाशिवाय मासा शिजवत नाही; कोकम नाही, चिंच नाही, तर निदान लिंबू. पहिल्या तीन वेळा त्यांचा हात आपोआप लिंबाकडे गेला आणि तीनही वेळा त्यांनी तो मासा बाजूला काढून नव्यानं केला. "हात ऐकत नाय," म्हणाले. चौथ्या वेळी त्यांनी ओट्यावरची लिंबं उचलून बाहेर ठेवायला लावली.

मी तो मासा खाल्ला आणि त्यावर, या वेळी नाक न दाबता, वाइनचा घोट घेतला. मला दारूतलं काही कळत नाही. पण त्या घोटात लिंबाच्या फुलाचा वास मला आला. मी चाचांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मग मी काय वेडा हाय?"

साहेबांनी आठ स्विस पाहुण्यांचं जेवण ठरवलं. नवीन पदार्थ असला की त्याचं कार्ड लिहून द्यायची हॉटेलची पद्धत होती. वर पदार्थाचं नाव, त्याखाली सोबतची वाइन, सर्वांत खाली करणाऱ्याचं नाव. मी कार्ड लिहायला बसलो तेव्हा चाचा अडले.

"माझं नाव मासळीखाली घाल. दारूखाली नको."

"चाचा, एकच कार्ड आहे. वर मासळी, मध्ये वाइन, खाली नाव."

"मग उलटं लिही. वाइन खाली जाऊ दे. मुहर्रकला आपली माणसं हायत, जुम्म्याला भेटतात. कासमनं दारूसाठी जेवण केलं म्हणून गावापर्यंत जाईल."

"अहो, तुम्हाला ग्रेड हवी की नको? चाचींना आणायचंय की नाही?"

"तिला आणायचंय म्हणून तर सांगतो. ती आल्यावर तिला कुणी बोलायला नको." आणि मग जरा नरमून, "तू साहेबाला तोंडानं सांग. मासळी कासमची, म्हणावं. दारूचं तुमचं तुम्ही बघा. एवढं बोलता येत नाय तुला?"

मी चिडलो होतो. इतक्या जवळ येऊन हा माणूस कार्डाच्या ओळींवरून वाद घालतो! मी नावाची जागा कोरी ठेवली आणि म्हणालो, सांगेन तोंडानं. त्याच रात्री चाचांनी घरी पत्र लिहवलं, 'या वर्षी कागद होणार. सामान फार आणू नको. इथं सगळं मिळतं.'

जेवण झालं. आठही ताटं पुसून घेतल्यासारखी परत आली. बाटल्या संपल्या, आणखी मागवल्या. साहेबांचा चेहरा लाल झाला होता, आनंदानं. त्यांनी मला टेबलाशी बोलावलं आणि पाहुण्यांसमोर इंग्रजीत विचारलं, "पवार, ही कल्पना कुणाची?"

वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. 'सर, कासम, आमच्या मासळी विभागातला.' पाच शब्द. मी त्या आठ माणसांकडे पाहिलं. त्यांनी जे इतक्या आवडीनं खाल्लं ते एका क्लीनरनं केलं, हे ऐकून साहेबांना खाली बघावं लागेल, असा एक विचार आला. चाचांचं नाव वाइनशी जोडायचं नाही, असा दुसरा आला. हे दोन्ही विचार मी नंतर अनेकदा स्वतःला सांगितले आहेत. खरा विचार तिसरा होता. साहेब माझ्याकडे बघत होते, तसं माझ्याकडे तोवर कुणी पाहिलेलं नव्हतं.

"माझी, सर," मी म्हणालो. "किचननं मदत केली."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. तिसऱ्या दिवशीही. आठवड्यानं मला पत्र मिळालं, मी कॅप्टन, म्हणजे वाढप्यांचा मुकादम, झालो. कॅप्टनची ग्रेड कुकच्या बरोबरीची होती. फॅमिली व्हिसाची.

चाचांना हे कसं कळलं मला तेव्हा माहीत नव्हतं, पण किचनमध्ये कुठली गोष्ट लपते? मेनूवर पदार्थ आला तेव्हा कुक लोक त्याला 'पवार फिश' म्हणू लागले. चाचा ओट्यावरून ओरडले, "पवारची मासळी! याला साधा बांगडा सोलता येत नाय, आणि याची मासळी!" सगळे हसले. मीही हसलो. ते मात्र हसत नव्हते, खवले काढत होते, आणि खवले भिंतीपर्यंत उडत होते.

त्यानंतर मी ऑफिसात काय काय केलं तेही सांगायला हवं, नाहीतर मी आहे त्याहून वाईट वाटेन, आणि तेवढीही माझी तयारी नाही. मी साहेबांकडे तीनदा गेलो. कासमला कुक करा, म्हटलं. साहेब म्हणाले, कुकची जागा नाही. पुन्हा गेलो. म्हणाले, असा क्लीनर मला परत कुठं मिळेल? तिसऱ्यांदा विचारलं तर त्यांनी मलाच विचारलं, "पण त्यानं असं वेगळं काय केलंय?" या प्रश्नाचं उत्तर फक्त मला ठाऊक होतं आणि ते दिलं असतं तर माझी ग्रेड गेली असती. सुनंदाचं, माझ्या बायकोचं, तिकीट तोवर निघालं होतं. मी म्हणालो, "काही नाही, सर. मेहनती आहे."

पुढचं पत्र लिहायला चाचा माझ्या खोलीवर आले. मी वही उघडून बसलो. ते समोर बसले. मग म्हणाले, "लिही. साहेब म्हणतो, पुढल्या वर्षी."

"चाचा, त्या दिवशी साहेबांनी विचारलं तेव्हा मी..."

"पुढल्या वर्षी, लिही."

"ऐका तरी. मी खोटं बोललो."

"मला काय सांगतोस? मी जेवण वाढायच्या दारामागंच उभा होतो." मी मान वर केली नाही. ते पुढं म्हणाले, "तू माझं खोटं लिहितोस दर महिन्याला. कुक हाय, कुक हाय. मी तुझं खोटं झाकतो. खलास. आता तू खरं बोलायला गेलास, तर क्लार्क फाइल उघडणार, आणि मी क्लीनर हाय ते गावभर होणार. ते नको. लिही."

मी लिहिलं. हा सौदा मला सोयीचा होता, हे मला तेव्हाही कळत होतं. आणि तरी मला त्यांचाच राग यायचा. का ओरडले नाहीत? का साहेबांच्या दारात जाऊन उभे राहिले नाहीत? मला एकदा मारलं असतं तरी चाललं असतं. ते फक्त एवढंच करायचे, की कधी एखादी नवीन बाटली घेऊन मी गेलो, "चाचा, जरा वास बघा ना," म्हटलं, की हात धुवत म्हणायचे, "आता कॅप्टन हायस. स्वतःचं नाक वापर."

सुनंदा आली. आम्ही ईसा टाउनला राहू लागलो. चाचा पहिल्याच शुक्रवारी पापलेटं घेऊन आले, तिला कसा तुकडा करायचा ते शिकवलं, तिच्या हातचं खाऊन म्हणाले, "पवारा, तुझं नशीब चांगलं." सुनंदाला काही माहीत नव्हतं. ती दर वेळी विचारायची, "चाची कधी येणार?" चाचा म्हणायचे, "इंशाल्ला, पुढल्या वर्षी." मी ताटात बघून जेवायचो. मुलगा झाला, शाळेत जाऊ लागला, चाचा मराठीत बोलले तर इंग्रजीत उत्तर द्यायचा. चाचा त्याला म्हणत, "बाबा, तू तर केलरसाहेब निघालास."

केलरसाहेब त्या जेवणानंतर दोनच वर्षांनी बदलून गेले. नव्या मॅनेजरनं ती वाइन बंद केली. 'पवार फिश' मेनूवर राहिला, पण त्यावर लिंबाची फोड ठेवायचा हुकूम आला. चाचांनी एकदा ती फोड बघितली आणि म्हणाले, "झालं. आता ती तुझीच मासळी." जानेवारीत ते पुन्हा शर्ट घालून ऑफिसात गेले. त्याच्या पुढच्या जानेवारीतही. सौदीच्या पुलाचे खांब समुद्रात उभे राहत होते, हॉटेल इंजिनिअरांनी भरलेलं होतं, नवीन कुक भरती झाले, सगळे बाहेरून आणलेले. दर वेळी क्लार्क म्हणायचा तेच म्हणाला.

एका बुधवारी सकाळी पेट्या आल्या आणि चाचा आले नाहीत. स्टाफ क्वार्टरमध्ये ते झोपेतच गेले होते. त्याच दिवशी मुहर्रकच्या कोकणी मंडळींनी सगळं केलं. मी मूठभर माती टाकली. शेजारी उभ्या असलेल्या माणसानं मला विचारलं, "तुमचे कोण?" मी म्हणालो, "गाववाले." याहून जास्त बोलायचा मला अधिकार नव्हता.

दोन महिन्यांनी रजेवर गेलो, तेव्हा त्यांची बॅग घेऊन खाडीच्या खालच्या अंगाला त्यांच्या घरी गेलो. खतिजाचाची पडवीत बसल्या होत्या. बारीक, पांढरी ओढणी, हात कामानं रापलेले. आतून जावेनं पाणी पाठवलं, ती स्वतः स्वयंपाकघरात भांडी वाजवत होती. चाचींनी बॅग उघडली नाही. हात नुसता वर ठेवला.

"भाऊ, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा, चाची."

"तुमची घरवाली तिथं हाय ना?"

"हो."

"सगळ्यांच्या जातात?"

"सगळ्यांच्या नाही. कुकपासून पुढं, त्यांच्या."

"मग हे तर कुक होते." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, अंगणाकडे बघत होत्या. "दर पत्रात यायचं. कुक हाय. आणि दर पत्रात यायचं, पुढल्या वर्षी. तुमच्या अक्षरात. जाऊ वाचायची आणि पत्राची घडी करताना म्हणायची, मोठा कुक हाय, मग न्यायला काय होतं? तिकडं दुसरी असेल. एवढी वर्षं ऐकलं मी. मग मलापण वाटायला लागलं, भाऊ. दुसरी नसेल. पण मी नको असेन."

मला चाचांचं म्हणणं आठवत होतं, क्लीनर हाय ते गावभर होणार, ते नको. त्यांनी माझ्याकडे आयुष्यात मागितलेली एवढीच एक गोष्ट होती आणि मी ती एवढी वर्षं पाळली होती. दुसरं काही पाळलं नव्हतं.

"चाची," मी म्हणालो, "ते कागदावर कुक नव्हते. मासे साफ करायचे. तुम्हाला चारचौघांत कमीपणा नको म्हणून ते मला तसं लिहायला सांगायचे. एकदा कुक होणार होते. त्यांनी असा मासा केला होता की साहेब खूश झाले. साहेबांनी विचारलं, कुणी केला, तर मी म्हणालो, मी. त्या ग्रेडवर माझी बायको आली. तुम्ही यायच्या होतात."

अंगणात कुणाची तरी कोंबडी येऊन गेली. मला वाटलं, आता चाची उठून आत जातील.

"तुम्ही चांगलं नाय केलंत," शेवटी म्हणाल्या. "ते मी नंतर बघते. आधी मला सांगा, यांनी मागितलं होतं? माझ्यासाठी?"

"दर वर्षी. जानेवारीत. धुतलेला शर्ट घालून जायचे ऑफिसात."

"दर वर्षी?"

"एक वर्ष चुकवलं नाही. मी बघितलंय."

चाचींनी ओढणी सारखी केली आणि आतल्या दाराकडे मान वळवली. भांड्यांचा आवाज चालूच होता.

"असं हळू नको," त्या म्हणाल्या. "तिला ऐकू जाईल असं सांगा. पहिल्यापासून."

मी घसा साफ केला आणि पुन्हा सुरुवात केली. आतला आवाज थांबला. चाची म्हणाल्या, "अजून मोठ्यानं."